उभ्या जेट स्कीची बॉडी घरीच नवी करायची तर

जुनी, उभ्याने चालवायची जेट स्की घरी आली की आधी इंजिनाकडे धावू नका. दोन-स्ट्रोक इंजिन खोलणारे मेकॅनिक नागपुरात अजूनही आहेत. बॉडीवाला मात्र सापडत नाही, आणि सापडला तर तो कूलरची बॉडी बनवणारा निघतो. मी त्यातलाच. हिंगणा एमआयडीसीत माझं निम्मं आयुष्य फायबरच्या कूलर बॉड्या, टाक्या आणि शेडचे पत्रे बनवण्यात गेलं. म्हणून सांगतो, कूलरवर बसलेला हात इथे अर्धाच कामाला येते. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितो आहे.

माझ्याकडे आली ती यामाहाची सुपर जेट. हे मॉडेल १९९० साली निघालं. माझ्यासमोरची गाडी त्यानंतर काही वर्षांची. भाच्याने गोव्यातल्या एका वॉटर स्पोर्टवाल्याच्या भंगारातून उचलून टेम्पोत टाकून आणली. नाक फुटलेलं, उभं राहायचा ट्रे पायाखाली दबणारा, पाण्याची धार मारून गाडी ढकलणाऱ्या पंपाजवळ तळाला लांब तडा. "मामा, फक्त नाक जोडून दे, बाकी मस्त आहे," हे त्याचं म्हणणं. नाक हे त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं.

आधी पाणी शोधा

इंजिन, टाकी, पंप, हँडलचा दांडा, सगळं उतरवा. इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. कोणत्या पायाखाली किती होत्या ते लिहून प्रत्येक पायाची वेगळी पुडी बांधा. इंजिन आणि पंपाचा शाफ्ट ज्या कपलिंगवर भेटतात, तिथली फटही उतरवायच्या आधीच फिलर गेजने मोजून ठेवा. नंतर हे कुणालाच आठवत नाही.

आता रिकामी बॉडी काट्याला टांगा. भंगारवाल्याकडे टांगता काटा असते, थोड्या वेळासाठी देतो तो. आलेला आकडा बॉडीवरच मार्करने लिहा. मग एक रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडे टकटक करत फिरा. जिथे खणखणीत आवाज येते तिथे माल शाबूत. जिथे भद्द वाजते तिथे थर सुटले आहेत किंवा मागे ओला फोम आहे. त्या जागा खडूने गोल करा. आमच्या गाडीचा ट्रे जवळजवळ सगळाच खडूने भरला होता.

या गाड्यांमध्ये ट्रेखाली आणि बाजूच्या पोकळ्यांत पॉलियुरेथेन फोम भरलेला असते. गाडी उलटून आत पाणी शिरलं तरी ती बुडू नये, हे त्याचं काम. हिशेब सोपा आहे. असा फोम घनमीटरला साधारण ३२ किलोचा. साठ लिटर जागेत तो भरला तर त्याचं वजन दोन किलोच्या आत आणि तो पाण्यात सुमारे ५८ किलो उचलून धरते. पण स्क्रूच्या ढिल्या भोकांतून आणि डेकच्या (बॉडीच्या वरच्या भागाच्या) सांध्यातून वर्षानुवर्षे पाणी मुरलं, की तोच फोम पाणी धरून बसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गाडी जड होते, मागून बसते, आणि ट्रे आतून कायमचा ओला राहते. अशा ट्रेवर वरून कितीही फायबरची मॅट चढवा, पुढच्या हंगामात ती सुटणारच.

म्हणून ट्रे कापायचा. कडेने पाच सेंटीमीटरची पट्टी सोडून आतला तुकडा कटर डिस्कने चौकोनी कापा. डिस्क वरच्या थरापुरतीच आत जाऊ द्या, खालच्या तळापर्यंत नाही. निघालेला तुकडा जपून ठेवा, तोच परत बसवायचा आहे. आतला फोम काढायला मी सगळी हत्यारं वापरून पाहिली आणि शेवटी बागेतली खुरपी उत्तम ठरली. फोम मुठीत पिळा. पाणी निघालं तर तो गेला. कोरडा आणि कडक असेल तिथे हात लावू नका, कोरड्या फोमपर्यंत पोचलात की थांबा.

नागपूरचं पंचांग

हे काम कधी करायचं, यावर अर्धा निकाल ठरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते. रेझिनसाठी, म्हणजे काचेच्या कापडात मुरून कडक होणाऱ्या द्रवासाठी, हे दिवस वाईट, वाळवणीसाठी यापेक्षा चांगले नाहीत. कापलेली बॉडी टिनाच्या शेडखाली ठेवा, आत टेबल फॅन सोडा आणि आठवड्याला काट्यावर टांगा. वजन उतरायचं थांबलं की कोरडी झाली. खात्री करायची तर संध्याकाळी संशयाच्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी खाली दवबिंदू दिसले तर अजून थांबा.

उन्हाळ्यात रेझिन का नाही? एक तर ते हातात जमते. दर दहा अंशांना रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. हिवाळ्यात अर्धा तास पुरणारा घोल मे महिन्यात ब्रश बुडवेपर्यंत गरम होऊन धूर सोडते. दुसरं म्हणजे कूलरला वापरतो त्या पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट ३१ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या दुपारी त्याची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. आणि तिसरं कुणी सांगत नाही ते: उकडते म्हणून माणूस कूलर लावतो. कूलर म्हणजे ओली हवा. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनच्या हार्डनरला (ते जमवणाऱ्या द्रवाला) ओली हवा चालत नाही, वर चिकट, मेणचट थर येते आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. रेझिन उघडं असताना त्या खोलीत कूलर नको.

पावसाळ्यात धातूचं काम करा. बोल्ट, बेअरिंग, पंप, वायरिंग. लॅमिनेशनला, म्हणजे रेझिन-कापडाचे थर चढवायला, दिवाळीनंतर हात घाला आणि होळीच्या आधी उरका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरते, तेव्हा थर सकाळी दहाला चढवा, म्हणजे सूर्य जाईपर्यंत तो धरलेला असेल. रात्री वरून ताडपत्री टाकून आत एक मोठा बल्ब लावला की पुरते. बल्ब ताडपत्रीला टेकू देऊ नका.

कूलरचं रेझिन इथे का नाही

कूलरची बॉडी आम्ही साच्यात हाताने चढवतो: जेलकोट (वरचा रंगीत थर), मॅट, जीपी (साधं पॉलिएस्टर) रेझिन, रोलर, झालं. सुपर जेटची बॉडी तशी बनलेली नाही. ती एसएमसी आहे. म्हणजे पॉलिएस्टर, तुकडे केलेली काच आणि खडूसारखी भुकटी यांचा मळलेला पत्रा, जो गरम साच्यात प्रचंड दाबाखाली एका झटक्यात बसवतात. साच्याला चिकटू नये म्हणून सुटायचा पदार्थ त्या मालातच मिसळलेला असते. म्हणजे तुम्ही कितीही घासा, तो पदार्थ खालीही आहेच. अशा मालावर साधं पॉलिएस्टर चढवलं तर सुरुवातीला घट्ट वाटते आणि लाटांवर आपटलं की पापुद्र्यासारखं निघते.

तुमची बॉडी कोणती, हे घासल्यावर कळते. हाताने चढवलेल्या मालात मॅटचे धागे अर्धपारदर्शक दिसतात. एसएमसी राखाडी, मातकट, बारीक तुकड्यांचा. एसएमसी असेल तर इपॉक्सी घ्या. विनाइल एस्टर हे तिसरं रेझिनही चालते, पण आपल्याकडे थोडं मिळणं कठीण आणि डबा लवकर म्हातारा होते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. कापताना निघालेल्या एका फालतू तुकड्यावर अर्ध्या भागात जीपी रेझिनचा पट्टा आणि अर्ध्यात इपॉक्सीचा पट्टा चढवा. आठवड्याने दोन्हींखाली छिन्नी घालून उचका. खालच्या मालाचे धागे फाटून येत असतील तर जोड चांगला. पट्टा स्वच्छ सुटून आला तर ते रेझिन कूलरलाच ठेवा.

मी वापरली ती अॅरल्डाइटची एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१. रेझिन शंभर ग्रॅम, हार्डनर दहा ग्रॅम, वजनाने. तुमच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. शंभराला दहा म्हणजे दोन ग्रॅमची चूक ही हार्डनरमध्ये वीस टक्क्यांची चूक आहे, त्यामुळे किराण्याचा काटा नको, सोनारी डिजिटल काटा घ्या. कूलरवाल्यांची एक सवय इथे मोडावी लागते. पॉलिएस्टरमध्ये थंडी असली की आम्ही हार्डनर थोडा वाढवतो. इपॉक्सीत हार्डनर वाढवला तर ती लवकर जमत नाही, नुसती मऊ आणि कमजोर राहते. थंडीत घट्ट झाली तर बंद डबा कोमट पाण्यात ठेवा.

आणखी एक. इपॉक्सीखाली चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचेच्या धाग्यांची) घालू नका. मॅटचे धागे एका गोंदाने धरलेले असतात आणि तो गोंद स्टायरीनमध्ये विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसते, म्हणून मॅट कडकच राहते, वळणावर बसत नाही, आत हवा धरते. विणलेलं कापड किंवा शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं कापड) घ्या. इतवारीत केमिकलवाल्यांकडे मॅट आणि रोव्हिंग मिळते. बायअॅक्सियल बहुधा बाहेरून मागवावं लागते. कार्बनच्या कापडाच्या मोहात पडू नका. महाग तर आहेच, शिवाय बॉडीत बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या इन्सर्टला टेकलं की पाण्यात अॅल्युमिनियम खाऊन टाकते.

पॉलिएस्टरचं काम शेजारी चालू असेल तर एक गोष्ट घरातल्या पोराटोरांनाही सांगून ठेवा: कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर जमवणारा द्रव) आणि पॉलिएस्टरचा हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. स्फोट होते. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळला की मगच दुसरा. बाटल्याही वेगवेगळ्या फळ्यांवर.

घोडी आणि घासणं

ट्रे कापलेली बॉडी म्हणजे झाकण काढलेला डबा, ती पिळवटते. दोन विटांवर ठेवून थर चढवला तर पिळवटलेल्या अवस्थेतच पक्की होईल आणि मग इंजिन-पंप एका रेषेत येणार नाहीत. जुन्या प्लायवुडचे तीन आडवे पाट बॉडीच्या तळाच्या आकारात कापून घोडी करा. लेव्हलसाठी गवंड्याची पाण्याची नळी पुरते. डाव्या-उजव्या कठड्यावर पुढे, मध्ये, मागे खुणा करा आणि जोड्या जोड्यांनी पाणी सारखं येईपर्यंत खाली फाचर मारा. प्रत्येक थराच्या आधी परत एकदा बघा.

घासायच्या आधी साबणाने धुवा, मग अॅसिटोनने पुसा. हा क्रम उलटा केला तर ग्राइंडर तेल आणि मेण मालात आत रगडते. मग चाळीस नंबरचा पेपर. तड्याच्या दोन्ही बाजूंनी उतार काढायचा, जाडीच्या बारापट. आमचा तळ तिथे चार मिलिमीटर होता, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ पाच सेंटीमीटर. लोकांना हे जास्त वाटते. तडा नुसता व्ही करून भरणारे तोच तडा पुन्हा जोडायला येतात.

ही धूळ वाईट आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला टेप, चष्मा, आणि चांगला धुळीचा मास्क. रुमाल बांधून भागत नाही. इपॉक्सीच्या हार्डनरची अॅलर्जी एकदा अंगात बसली की जन्माची, म्हणून नायट्राइलचे हातमोजे. हाताला लागलं तर अॅसिटोनने पुसू नका, साबण-पाणी वापरा. अॅसिटोन ते कातडीत आणखी आत नेते.

थर चढवताना

नाकासारखं आरपार भोक असेल तर मागून आधार लागते. सनमायकाचा पातळ तुकडा घ्या, त्यावर गुळगुळीत खाकी पॅकिंग टेप चिकटवा, आतून बसवून टेकू द्या. इपॉक्सी टेपला धरत नाही. सनमायका वाकते, म्हणून नाकाची गोलाई आपोआप येते.

कापडाचे तुकडे आधी कापून वर्तमानपत्रावर क्रमाने ठेवा. सगळ्यात मोठा तुकडा आधी की लहान, यावर कारागिरांची भांडणं होतात. मी मोठा आधी लावतो. तो सगळ्या उतारावर एकसंध बसते, आणि नंतर वरून घासताना लहान तुकडेच घासले जातात, मुख्य जोड नाही. चारशे ग्रॅमच्या बायअॅक्सियलचा एक थर साधारण अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे चार मिलिमीटरला सात-आठ थर. सगळे एका बैठकीत चढवू नका, गरम होऊन पिवळे पडतील. तीन-चार चढवा, धरू द्या.

घोल एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच करा आणि केल्याबरोबर उंच मगातून पसरट ट्रेमध्ये ओता. खोल भांड्यात तो स्वतःच्या उष्णतेने पेटल्यासारखा जमते. आधी उतारावर नुसत्या रेझिनचा हात द्या, खड्डे एरोसिल (घोल घट्ट करणारी हलकी भुकटी) घालून श्रीखंडाएवढ्या घट्ट केलेल्या घोलाने भरा, मग कापड. रोलरने मधून कडेला हवा काढा. कापड पारदर्शक झालं की बस. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन देते. विणलेल्या मालात काच आणि रेझिन वजनाने जवळपास सारखं असावं. मॅटवर दुप्पट-अडीचपट रेझिन ओतायची कूलरवाल्याची सवय इथे सोडा.

शेवटच्या थरावर पील प्लाय (नंतर ओढून काढायचं कापड) टाका. नाही मिळालं तर अस्तराचं कोटिंग नसलेलं नायलॉन कापड आधी छोट्या तुकड्यावर तपासून वापरता येते. दुसऱ्या दिवशी ओढून काढलं की खाली खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळते. जिथे हे टाकलं नसेल तिथे घासायच्या आधी साधं पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुवा, तो मेणचट थर पाण्यात निघते. धुतल्याशिवाय घासलं तर पेपरने तोच थर सगळीकडे पसरवाल.

उरलेला घोल डब्यातच तापतो. तो कचऱ्यात टाकू नका, अंगणात वाळूवर ठेवा.

तळाचा तडा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून करा. पंपाच्या बोगद्याजवळ आणि हँडलच्या दांड्याच्या बुडाशी मी दोन थर जादा दिले, तिथे सगळा मार बसते. बाकी बॉडीला जादा थर देऊ नका. उभी जेट स्की माणूस अंगाने वळवतो, फालतू किलो त्याला प्रत्येक वळणावर जाणवतात.

फोम परत

बाजारात मिळणारा एका डब्यातला स्प्रे फोम भरू नका. तो हवेतल्या ओलीने पक्का होते. बंद पोकळीत आतला भाग महिनोन्‌महिने कच्चा राहते. दोन द्रवांचा, बंद कप्प्यांचा फोम घ्या. तो पंचवीस-तीसपट फुगते, म्हणून थोडा थोडा ओता, प्रत्येक ओत थंड झाल्यावर पुढचा. एकदम ओतलात तर मध्ये जळते आणि फुगून बाजू बाहेर ढकलते. पोकळी कोरडीठाक हवी, ओलीवर हा फोम मोठ्या बुडबुड्यांचा आणि भुसभुशीत होते. मास्क वाफेचा, धुळीचा नव्हे, आणि काम उघड्यावर. थर्माकोलचे तुकडे भरायचा सल्ला देणारे भेटतील. शेजारी पॉलिएस्टर लागलं तर स्टायरीन तो विरघळवून टाकेल.

वर आलेला फोम करवतीने सपाट कापा, जपून ठेवलेला ट्रेचा तुकडा एरोसिलच्या घोलात बसवा, आणि सांध्यावर सगळीकडून उतार काढून तीन थर चढवा. डेकचा सांधा सुटला असेल तर तोही आताच भरा. तपासायला जुन्या व्हॅक्यूम क्लिनरची फुंकणारी बाजू ड्रेनच्या भोकाला लावा, बाकी भोकं टेपने बंद करा आणि सांध्यावर साबणाचं पाणी फिरवा. कॉम्प्रेसर लावू नका, बॉडी फुगेल.

रंग आणि पाणी

डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेलं की तो लगेच गाडीची पुट्टी काढतो. पाण्याखालच्या भागाला ती नको, ती पाणी पिते. इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची भुकटी) घालून स्वतः समतल करा, ८०, १२०, २२० नंबरपर्यंत घासा, मग इपॉक्सी प्रायमर आणि दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पॉलिएस्टर जेलकोट इपॉक्सीवर भरवशाने धरत नाही. रंग होईपर्यंत सिलिकॉनची नळी शेडमध्येही आणू नका, रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. रंग पांढरा किंवा फिका घ्या. भाच्याला काळा हवा होता. घरी बनवलेली इपॉक्सी साठच्या आसपास मऊ पडू लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी काळी बॉडी तिथे सहज पोचते. शेवटी पांढऱ्यावर नारिंगी पट्टा, यावर तडजोड झाली.

इंजिन बसवताना चकत्या आपापल्या पायांखाली, कपलिंगची फट लिहून ठेवल्याप्रमाणे. बॉडीला जाणारा प्रत्येक स्क्रू पीयू सीलंटमध्ये, पाणी तिथूनच आत जाते.

फुटाळा जवळ आहे म्हणून तिथे उतरवायचा विचार करू नका. इंजिनाच्या नावेला इनलँड व्हेसल्स अॅक्ट, २०२१ प्रमाणे नोंदणी लागते, आणि तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगीही. रामटेकजवळच्या खिंडसीला बोटिंगवाले आहेत. त्यांच्याशी बोलून, लाइफ जॅकेट घालून, इंजिन सुरू न करता गाडी आधी पाऊण तास नुसती तरंगत ठेवा. मग बाहेर काढून मागचे ड्रेन उघडा. थेंबभर ओल चालते, धार आली तर कोणत्या सांध्यातून ते शोधा. ट्रेवरची रबरी मॅट कॉन्टॅक्ट गोंदाने ही परीक्षा झाल्यावरच चिकटवा, आधी चिकटवली तर गळती शोधायला तीच उपटावी लागेल.